सावकाशकाकांनी गिळलेला राग

पाणीपुरवठा ऑफिसात तक्रारींच्या खिडकीवर बसणारे आमचे काका ठार बहिरे आहेत, हे निम्म्या शहराला ठाऊक होतं. निम्म्या म्हणजे, ज्या निम्म्याला पाणी येत नाही त्या. रांगेत नवा माणूस आला की जुना माणूस त्याला कोपराने ढोसायचा. "घसा कोरडा करू नका हो. बहिरा आहे. शिव्या ऐकू जाऊ नयेत म्हणून मुद्दाम बसवलाय." नवा विचारायचा, "मग तक्रार लिहून कशी घेतो?" जुना आवाज खाली आणून म्हणायचा, "ओठ वाचतो. म्हणून शिव्या तोंड फिरवून द्यायच्या."

आणि लोक खरंच भिंतीकडे तोंड करून शिव्या द्यायचे. काका वही पुढे ओढायचे, पेनाचं टोपण काढायचे आणि म्हणायचे, "सावकाश. सावकाश सांगा." त्यावरून ऑफिसात ते सावकाशसाहेब झाले आणि घरी सावकाशकाका.

आता खरं सांगते. काका बहिरे मुळीच नाहीत. आमचं घर त्यांच्या समोरचं, मधे फक्त जिन्याचा चौथरा. माझे बाबा त्यांचे धाकटे भाऊ, त्यामुळे दोन्ही दारं दिवसभर उघडी. आमच्याकडे साखरेच्या डब्याचं झाकण निघालं तर काका त्यांच्या खुर्चीत बसून चमचे मोजतील, असे त्यांचे कान. भिंतीला दिलेली प्रत्येक शिवी त्यांना काना-मात्रेसकट ऐकू यायची. ती ऐकून राग येईल, याची मात्र त्यांना भीती वाटायची. राग आला की पोट फुटेल, ही ती भीती. एरवी कुणाच्या बापाला न भिणारा माणूस, अठरा वर्षं स्वतःच्या पोटाला भीत जगला.

याचं मूळ आमच्या आजोबांत. आजोबा छापखान्यात यंत्रावर होते आणि त्यांचा आवाज यंत्रापेक्षा मोठा होता. मीठ कमी पडलं तरी ओरडायचे, जास्त पडलं तरी ओरडायचे, आणि बरोबर पडलं तर "आज कसं काय जमलं?" म्हणून ओरडायचे. बावन्नाव्या वर्षी ते पोटाच्या कॅन्सरने गेले. शेवटचे तीन महिने पलंगाच्या कडेला कमरेत वाकून, दोन्ही मुठी पोटात दाबून बसायचे. काका तेव्हा विशीत. भेटायला आलेला प्रत्येक माणूस निघताना जिन्यात थांबून एकच म्हणायचा, "रागानं जळालं हो पोट." तेही काकांनी ऐकलं. कान तिखट असण्याचे तोटे असतात.

मग तेहतिसाव्या वर्षी काकांच्या स्वतःच्या बरगड्यांखाली कुणीतरी तापलेला चमचा टेकवला. पोट रिकामं झालं की चमचा टेकायचा, काही खाल्लं की उचलायचा, पुन्हा टेकायचा. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना प्रत्येक वाक्याला शेपूट लावायची सवय होती. त्यांनी पोट दाबलं आणि म्हणाले, "अल्सर आहे, हं? ताण घ्यायचा नाही, हं? राग करायचा नाही, हं? तिखट बंद. वडिलांचं लक्षात आहे ना? हं?"

लक्षात असणारच. गोळ्या दिल्या त्या पोटातलं ॲसिड कमी करणाऱ्या. घेतल्या की चमचा उचलायचा, सोडल्या की हजर. पुढे काय, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि काकांनी भीतीने विचारलं नाही. त्यांनी तीनही हुकूम तिथल्या तिथे पाळायला सुरुवात केली. मिरची सोडणं सोपं होतं. राग सोडायला त्यांनी एक युक्ती काढली: गुडघ्यातून राग वर चढायला लागला की उजव्या हाताचा अंगठा टेबलाच्या खालच्या अंगाला दाबून धरायचा आणि म्हणायचं, "सावकाश." समोरच्याला वाटायचं, आपल्याला सांगतायत. ते स्वतःच्या पोटाला सांगत असायचे. त्या टेबलाखाली मी एकदा वाकून पाहिलंय. अंगठ्याएवढ्या जागेतला रंग साफ उडालाय.

घरी काकूंनी वेगळी पद्धत बसवली. त्यांच्या मते बातमी दुधासारखी असते. आधी उकळायची, मग गाळायची, मग गार करायची आणि मगच काकांना द्यायची. आत्याच्या यजमानांची नोकरी गेली तेव्हा पहिल्या दिवशी काकांना कळलं, "त्यांच्या ऑफिसात जरा गडबड आहे म्हणे." चौथ्या दिवशी, "रजेवर आहेत वाटतं." तिसऱ्या आठवड्यात, "दुसरीकडे बघतायत." तोवर त्यांना दुसरी नोकरी लागलीसुद्धा, त्यामुळे काकांना जाणं आणि येणं एकाच घोटात मिळालं. आम्हा सगळ्यांना लहानपणापासून हेच शिकवलं होतं. काका आले की आवाज खाली. प्रगतिपुस्तक उशीखाली. भांडण चालू असेल तर त्यांच्या चपला वाजताच हवापाण्यावर बोलायचं. "काकांच्या पोटात फुटेल," एवढं म्हटलं की लहान मूलही रडायचं थांबायचं. मला सहाव्या वर्षापर्यंत वाटायचं, काकांच्या पोटात काचेचं काहीतरी आहे.

गेल्या वर्षी एका रविवारी मी, वय वर्षं सोळा, लायसन नसताना, काकांची स्कूटर त्यांना न विचारता कोपऱ्यापर्यंत नेली आणि येताना फाटकाच्या खांबाला घातली. दिवा फुटला, हँडल वाकडं झालं, मला ढोपरावर चार ओरखडे. काकूंनी स्कूटर ढकलत मागच्या गल्लीतल्या मेकॅनिककडे लपवली आणि काकांना सांगितलं, "सर्व्हिसिंगला दिलीय." काका म्हणाले, "बरं." दुसऱ्या दिवसापासून ते दोन बस बदलून ऑफिसला जायला लागले.

तीन आठवड्यांनी, एका गुरुवारी सकाळी, काकांना संडासात काळं दिसलं.

डांबरासारखं काळं, चिकट, आणि वास असा की आपल्याच शरीरातून आलंय यावर विश्वास बसू नये. काका त्या रंगाला ओळखत होते. आजोबांचं भांडं विशीतल्या काकांनीच उचललेलं होतं. ते किती वेळ तसेच उभे राहिले, त्यांनाही आठवत नाही. मग दोनदा पाणी ओढलं, खिडकी उघडली, ब्रशने घासलं, पुन्हा पाणी ओढलं. बाहेरून काकू म्हणाल्या, "अहो, झालं का? दूध गार होतंय."

"आलो," काका म्हणाले. गळ्यातून आवाज नेहमीसारखाच निघाला, याचं त्यांनाच नवल वाटलं.

वय एक्कावन्न. आजोबा गेले ते बावन्नला. हे गणित करायला काकांना वही लागली नाही.

सांगायचं कुणाला? काकू घाबरेल. भाऊ घाबरेल. आणि सांगितलं की ते खरं होईल. म्हणून अठरा वर्षं सगळ्या घराने त्यांच्याशी जे केलं, तेच त्यांनी चार दिवस घराशी केलं. शुक्रवारी काळं. शनिवारी काळं. जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर थांबून ते बुटाची नाडी बांधल्यासारखं करायचे, आणि मी वरून ओरडायचे, "काका, तुमच्या चपलांना नाडी कुठाय?" ते हसायचे. ओठ पांढरे पडलेले होते. मी त्या हसण्याची नक्कल करून दाखवली आणि सगळे हसले. रविवारी आरशात त्यांनी डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. आत लाल असतं तिथे कागदासारखं पांढरं होतं. आरशातल्या माणसाला ते म्हणाले, "सावकाश."

सोमवार उजाडला. सोमवार म्हणजे बाटलीवाल्या बाईंचा दिवस. या बाई निवृत्त शिक्षिका. चार वर्षं दर सोमवारी नळाच्या पिवळट पाण्याची बाटली आणून खिडकीवर ठक्‌कन ठेवायच्या, तोंड न फिरवता बोलायच्या आणि बहिरेपणाची आवई मुळात त्यांचीच होती.

"हे काय आहे?" बाईंनी बाटली आपटली. "पाणी म्हणायचं याला? मागच्या सोमवारी आणलं ते काय झालं? कुठे गेलं? प्यायलात का? नाही, प्यायला असतात तर आज इथे दिसला नसतात! अहो, मी कुणाशी बोलत्येय? बहिरे आहात का?"

काकांनी अंगठा टेबलाखाली दाबला. अंगठ्याला टेबल लागेना. बाईंचा आवाज लांब, पाइपातून आल्यासारखा यायला लागला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कुणाचं बोलणं नीट ऐकू आलं नाही. "सावकाश," म्हणायला तोंड उघडलं, तर तोंडातून वहीवर काहीतरी पडलं. चहाच्या चोथ्यासारखं, गडद. मग खिडकीतली खुर्ची रिकामी झाली.

"माणूस पडला!" बाईंचा वर्गावरचा आवाज तीन मजल्यांनी ऐकला. "बघताय काय? गाडी आणा! ए, चष्मेवाल्या, पाय धर त्यांचे! तू, दार उघड!" त्या दिवशी त्या ऑफिसात पहिल्यांदा एखादी तक्रार पाच मिनिटांत निकालात निघाली.

इस्पितळात दोन पिशव्या रक्त चढवलं. दुसऱ्या दिवशी दुर्बीण. घशात कडू फवारा मारून तो बधिर केला, दातांत प्लास्टिकची कडी दिली, डाव्या कुशीवर वळवलं आणि काळी नळी आत गेली. काकांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्यांना एकच दिसत होतं, पलंगाच्या कडेला वाकलेली ती पाठ.

दुर्बीण करणाऱ्या डॉक्टरबाई वयाने लहान, बोलायला भरभर. दुपारी खाटेशी येऊन म्हणाल्या, "पोटाच्या खालच्या टोकाला जखम आहे. रक्त थांबलंय, वर एक चिमटा बसवलाय, तो आपोआप गळून पडेल. जखमेच्या कडेचे तुकडे काढलेत. त्याचा रिपोर्ट सात दिवसांनी. आणि एक तुकडा इथे आहे."

काचेच्या पट्टीएवढं प्लास्टिक, त्यात खळग्यात पिवळी जेली, आणि जेलीत तांदळाच्या कणीएवढं काकांचं पोट.

"याचं गुलाबी झालं, तर आत जंतू आहे," त्या म्हणाल्या आणि पट्टी टेबलावर ठेवून पुढच्या खाटेकडे गेल्या.

आम्ही तिघं, काकू, बाबा आणि मी, त्या पिवळ्याकडे बघत बसलो. दुधावर नजर ठेवावी तसं. काकू मधेच म्हणाल्या, "गुलाबी झालं तर चांगलं की वाईट?" हे कुणीच विचारून घेतलं नव्हतं. अर्ध्या तासाने कणीच्या कडेला रंग फुटला, आणि बघता बघता सगळा खळगा हिरड्यांच्या रंगाचा झाला.

"आहे!" डॉक्टरबाई परत येऊन खूष होऊन म्हणाल्या. काकूंनी पदर तोंडाला लावला.

काकांनी उशीवरून विचारलं, तक्रार लिहून घेताना विचारतात तसंच. "कधीपासून?"

"बहुतेक लहानपणापासून. घरातल्या घरातच जातो हा, एकाच्या तोंडातून दुसऱ्याच्या. नक्की कसा, ते अजून पुरतं कळलेलं नाही."

"म्हणजे वडिलांकडून?"

"असू शकेल."

"वडील रागीट होते फार."

"असतील. पण ही जखम रागाने झालेली नाही, काका. राग तब्येतीला काही भला नव्हे, मान्य. पण भोक पाडलंय ते या जंतूनं."

त्यांच्या ऑफिसच्या मागच्या खोलीत रोज शहरभरच्या नळांचं पाणी बाटल्यांतून येतं. त्यात जंतू आहेत की नाहीत, याचे कागद याच काकांच्या हातून पुढे जातात. अठरा वर्षं लोकांच्या पोटात जाणाऱ्या जंतूंचे कागद भरले, आणि आपल्या पोटाची तक्रार मात्र रागाच्या खात्यात टाकून मोकळे झाले.

"पण पोटात ॲसिड असतं ना?" ते म्हणाले. "आमच्याकडे चिमूटभर क्लोरीनने मरतात हे लोक."

"हा चतुर आहे. आपल्याभोवती अमोनियाचा ढग करून बसतो, ॲसिड त्याच्यापर्यंत पोचतच नाही. त्याच अमोनियाने ही जेली गुलाबी झाली."

"ढग होय," काका म्हणाले आणि त्यांनी हळूच काकूंकडे पाहिलं. "आमच्याकडे ही करते असा, माझ्याभोवती."

डॉक्टरबाईंना कळलं नाही, तरी त्या हसल्या. मग म्हणाल्या, "जगात जवळजवळ निम्म्या लोकांच्या पोटात असतो हा. बहुतेकांना आयुष्यभर पत्ता लागत नाही. काहींना जखम होते. आणि थोड्यांना..."

त्या थांबल्या. बाबा खिडकीबाहेर बघायला लागले.

"सावकाश सांगा," काका म्हणाले.

"थोड्यांना कॅन्सर होतो. तुकडे त्यासाठी पाठवलेत."

त्या बाहेर निघाल्या तशा काकू मागोमाग दारापाशी गेल्या. काकूंची कुजबुज म्हणजे कढईत पाणी पडल्यासारखी. "डॉक्टर, रिपोर्ट आला की आधी माझ्या हातात द्या हं. त्यांना एकदम नका सांगू. मी हळूहळू सांगेन."

"हळूहळू म्हणजे?"

"बरा असेल तर लगेच. वाईट असेल तर... पंधरा-वीस दिवसांत."

"काकू, पोट त्यांचं आहे. रिपोर्टही त्यांचाच."

"तुम्हाला माहीत नाही, त्यांना सोसत नाही..."

"मला ऐकू येतं," खाटेवरून आवाज आला.

काकू वळल्या.

"मला सगळं ऐकू येतं. आत्ताचं आणि आजवरचं. न्हाणीघरात नळ मोठा सोडून रडतेस, तेही." काकांना धाप लागली. ते थांबले आणि पुन्हा बोलले, "आणि मीही चार दिवस गप्प बसलो. काळं होत होतं गुरुवारपासून. दोनदा पाणी ओढायचो. तुला वाटलं असेल, टाकी बिघडली."

"मला वाटलं, तुम्ही स्वच्छतेचं काही मनावर घेतलंय," काकू म्हणाल्या आणि खाटेच्या कठड्याला धरून रडल्या, नळ न सोडता. काकांची नजर तिथून फिरून माझ्यावर आली. माझ्या ढोपरावरच्या ओरखड्यांच्या खुणांवर थांबली. मी फ्रॉक खाली ओढला.

मग ते सात दिवस. तिसऱ्या दिवशी काकांना घरी आणलं. त्या आठवड्यात दोन्ही घरांत कुणी भांडलं नाही, कुणी हसलं नाही, आणि मला नकला सुचल्या नाहीत. बाटलीवाल्या बाई भेटायला आल्या. येताना फळं आणली आणि बाटलीही. "तुम्ही बरे व्हा आधी," त्या म्हणाल्या, आणि बाटली टेबलावर ठेवत, "पण हे अजून पिवळंच आहे." एवढ्याच वेळी काका हसले.

एका सकाळी बाबा दूध द्यायला समोर गेले आणि उंबऱ्यातूनच परत फिरले. भांडं ओट्यावर ठेवून ते माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. मी जाऊन पाहिलं. काका पलंगाच्या कडेला बसले होते, कमरेत वाकून, दोन्ही मुठी पोटात. तशी बसलेली पाठ मी कधीच पाहिली नव्हती. पण बाबांनी पाहिली होती.

काकांच्या डोक्यात त्या दिवसांत एकच हिशेब चालायचा. जंतू वडिलांकडून आला. मग वडिलांत त्याने जे केलं तेच इथे करायला त्याला चाळीस-पन्नास वर्षं मिळालीत. तेवढ्या वेळात लोखंडी पाइपाची चाळण होते, हे तर त्यांनी स्वतः पाहिलं होतं. रागाला निदान अंगठ्याने दाबता यायचं. याला कुठे दाबणार?

रिपोर्ट आणायला ते स्वतः गेले. लिफाफा कुणालाही हात लावू दिला नाही. घरी येऊन खुर्चीत बसले, चष्मा पुसला, घातला, काढला, पुन्हा पुसला. काकू भिंतीला टेकून उभ्या. काकांनी ऑफिसातला कागद वाचावा तसा तो मोठ्याने वाचायला घेतला. नाव, वय, तारीख, तुकड्यांची संख्या सहा. "दीर्घकाळचा दाह," त्यांनी वाचलं. "जंतू आढळले." पुढची ओळ त्यांनी मनात वाचली, आणि बाबा ओरडले, "दादा, मोठ्याने!"

"कॅन्सरच्या पेशी आढळल्या नाहीत," काका म्हणाले. मग बोट ठेवून शेवटचा शब्द पुन्हा वाचला. "नाहीत."

भीती मात्र लिफाफ्यात घालून परत पाठवता येत नाही. चौदा दिवसांचं औषध सुरू झालं, मूठ मूठ गोळ्या, आणि तोंडाला दिवसभर नाणं चोखल्यासारखी चव. पाचव्या दिवशी जुलाब लागले आणि काका पांढरेफटक झाले. डॉक्टरबाई फोनवर म्हणाल्या, "आतड्यात चांगल्या जंतूंची मोठी वस्ती असते, काका. आपल्याला न पचणारा चोथा तेच पचवतात, बाहेरच्या गुंडांना जागा देत नाहीत. औषध त्यांनाही मारतं. वस्ती काही आठवड्यांत परत बसते. जुलाब खूप वाढले किंवा रक्त दिसलं तर लगेच या. पण गोळ्या मधेच सोडू नका. अर्धवट मारलेला जंतू पुढच्या वेळी औषधाला दाद देत नाही."

त्यानंतर सगळ्यांत अवघड भाग. जंतू खरंच गेला का, हे पाहायला औषध संपल्यावर महिन्याभराने फुंकरीची तपासणी असते, आणि तिच्या आधी दोन आठवडे ॲसिडच्या गोळ्या बंद. अठरा वर्षं रोज सकाळी घेतलेली गोळी. काका तिची पट्टी खिशात ठेवून हिंडायचे. बोलता बोलता खिशातून चुरचुर ऐकू यायची. पहिल्या सकाळी ते चमचा टेकायची वाट बघत बसले. नाही टेकला. दुसऱ्या दिवशीही नाही. बरं वाटायच्या ऐवजी ते जास्तच भ्याले. रोज येणारा पाहुणा अचानक आला नाही की वाटतं ना, तसे. रोज सकाळी संडासाचं दार लागायचं आणि आम्ही दोन्ही घरांत श्वास धरून ऐकायचो, पाणी एकदा ओढलं की दोनदा. एकदा. रोज एकदाच.

पंधराव्या दिवशी ते इस्पितळात जाऊन काहीतरी आंबट प्यायले आणि वेळ लावून पिशवीत फुंकले. जंतू असता तर त्या श्वासात त्याची खूण सापडली असती. सापडली नाही. डॉक्टरबाईंनी कागदावर सही केली आणि म्हणाल्या, "आता वाटेल तेवढं रागवा."

हे वाक्य मी ऐकलं आणि माझं डोकं चाललं. अठरा वर्षांचा साठा! बाटलीवाल्या बाई चार वर्षं त्या माणसाला टोचतायत, आणि आता बूच निघालंय. मी म्हटलं, "काका, पैज. सोमवारी खिडकीत तुम्ही फुटणार. बाईंना असं सुनवणार, की बाटली हातातून पडेल."

"नाही फुटणार."

"फुटणार!"

"हरलीस तर?"

"तुम्ही म्हणाल ते."

काकांनी खिडकीबाहेर पाहिलं. "हरलीस तर मला एक वाईट बातमी सांगायची. गरम. न गाळता."

सोमवारी शाळेला सुट्टी होती. मी ऑफिसच्या बाकावर जाऊन बसले. बाई आल्या, बाटली ठक्‌कन ठेवली. "बरे झालात ना? छान. आता मला सांगा, हे काय आहे? तुम्ही दोन महिने रजेवर, पण माझा नळ नव्हता रजेवर! वाचा गेलीय का आता, कानांबरोबर?"

मी टेबलाखाली वाकून पाहिलं. तिथे अंगठा नव्हता. काकांचा हात वर होता, बाटलीवर. त्यांनी ती उजेडात धरली, तळाशी बसलेला गाळ पाहिला, बूच काढून वास घेतला. "सावकाश सांगा, बाई," ते म्हणाले. "कुठल्या गल्लीत सुरू होतं हे? सकाळच्या पहिल्या पाण्याला जास्त असतं का?" बाईंनी बाजूचं स्टूल ओढलं. चार वर्षांत हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. मग बसल्या आणि सांगायला लागल्या, आणि काकांनी पान भरून लिहून घेतलं.

परतताना बसमध्ये मी चिडून म्हटलं, "राग गिळलात ना? खरं सांगा."

"आलाच नाही गं. चार वर्षं मी तिचं ऐकतच नव्हतो, माझ्या पोटाचंच ऐकत बसायचो. आज ऐकलं. पाणी पिवळंच आहे की."

घरी पोचल्यावर ते खुर्चीत बसले. काकू आत भांडी लावत होत्या. बाबा उंबऱ्यात पेपर घेऊन उभे होते. काका म्हणाले, "बोल."

सोळा वर्षं जे मला करायचं नाही म्हणून शिकवलं होतं, ते करायचं होतं. डॉक्टरबाईंचं सगळं मला पाठ होतं, जंतू, जेली, ढग, तरी माझ्या डोळ्यांपुढे काकांच्या पोटातली ती काचेची वस्तूच आली. मला शंभर माणसांचे आवाज काढता येतात, पण त्या वेळी माझा स्वतःचा सापडेना.

"स्कूटर सर्व्हिसिंगला नाहीये," मी म्हटलं. "मी चालवली. न विचारता. फाटकाच्या खांबाला घातली."

आतला भांड्यांचा आवाज बंद झाला. मी काकांच्या हाताकडे बघत होते. तो उचलला गेला. पोटाकडे जातोय का, एवढंच मी बघत होते. तो पोटापाशी आला, तिथे थांबला नाही, वर गेला आणि खुर्चीच्या हातावर धाडकन आपटला.

"तीन महिने!" काका ओरडले. "ऑफिसला, इस्पितळाला, दोन-दोन बस बदलत हिंडतोय मी! खांबाचा आवाज मला त्याच दिवशी ऐकू आला होता! सर्व्हिसिंग म्हणे! विमान आहे का ते? आणि तू, काय गं, लायसन कुठाय तुझं? डोकं फुटलं असतं म्हणजे? मग काय, डोकंही सर्व्हिसिंगला दिलंय म्हणून सांगणार होतात मला?"

वरच्या मजल्यावरचं दार उघडलं. खालचं उघडलं. आजोबांना पाहिलेले दोन-तीन जण जिन्यात येऊन उभे राहिले. काकूंनी भांडं हातात धरून काकांच्या पोटाकडे पाहिलं, मग तोंडाकडे, आणि हळूच हसल्या.

पैज मी हरले होते. तो आवाज ठार बहिऱ्या माणसालाही ऐकू गेला असता.